मास्तरच्या डाव्या पायाखालचा क्लच

मी क्लच बोलतोय. गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो तो वेगळा, तो माझा थोरला. मी त्याच्या शेजारच्या सीटपुढचा, ड्रायव्हिंग शाळेच्या मास्तरच्या पायाखालचा. शिकवणीच्या गाडीत क्लच दोन आणि ब्रेकही दोन असतात. एक जोडी शिकणाऱ्याची, एक शिकवणाऱ्याची. शिकणाऱ्यावर मास्तरचा विश्वास असतो, पण तो तोंडापुरता. पाय मात्र तयार ठेवावा लागतो.

मी शिकलेला नाही, शाळेत फक्त जन्म काढला. बोलणं सरळ आहे, पटलं तर ऐका. गोड ऐकायचं असेल तर गाडीतल्या रेडिओकडे जा, तो कुणाशीही गोड बोलतो.

मला कुठल्या कारखान्यानं घडवलं नाही. गाडी आली तेव्हा तिच्यात एकच क्लच होता. मग चौकापलीकडच्या मिस्त्रीनं एका मोडक्या लोखंडी पलंगाचा पाय घेतला, कापला, तापवला, वाकवला आणि त्यातून मी निघालो. तोंडावर जुन्या टायरचा तुकडा ठोकला आणि मागे एक सळई लावून मला थोरल्याशी बांधलं. मी खाली गेलो की थोरला खाली जाणार, अशी व्यवस्था.

मास्तरनं दाबून पाहिलं. "जरा जड आहे रे."

"पलंगाचा पाय आहे मास्तर," मिस्त्री म्हणाला. "वर दोन माणसं झोपायची. तुमच्या एका पायाला तो काय भीक घालणार?"

तेव्हापासून मास्तरचा डावा पाय माझ्यावर आणि उजवा पाय ब्रेकवर. मला दिसायचं ते एवढंच, मास्तरचे दोन बूट आणि पायमोज्याचं भोक. पण सळईतून शिकणाऱ्याच्या पायाची थरथर माझ्यापर्यंत यायची, त्यावरून मी माणूस ओळखायचो. एक पोलिसातला मोठा अधिकारी आला होता. आवाज असा, की गाडीच्या काचा हलाव्यात. पाय मात्र पालीच्या तुटक्या शेपटीसारखा वळवळत होता. एक निवृत्त गृहस्थ चिखलात पाय टाकावा तसा क्लचवर पाय टाकायचे, आधी अंदाज घेऊन. आणि एक लग्न ठरलेली मुलगी गाडी बंद पडली की थोरल्यालाच "सॉरी, सॉरी" म्हणायची. थोरला त्या दिवसांत फार चढून गेला होता.

माझं खरं काम चौकात. मागे गाड्यांची रांग, भोंगे चालू, शिकणारा घाबरून क्लच एकदम सोडतो. त्या क्षणी मास्तर मला अलगद दाबायचा, थोरल्याला अर्ध्यात धरायचा आणि हळूच सोडायचा. गाडी लोण्यासारखी निघायची.

"जमलं की!" शिकणारा ओरडायचा.

"जमणारच. हात हलका आहे तुमचा," मास्तर म्हणायचा.

माझं नाव कुणी काढायचं नाही. शिकणारा घरी जाऊन बायकोपुढे छाती फुगवायचा. फुगवू द्या. पहिल्या आठवड्यात माणसाला खरं सांगितलं तर तो जन्मभर पायी हिंडेल.

असं बरं चाललं होतं. मग मास्तरचा डावा गुडघा बोलायला लागला.

आधी कुरकुर, मग कटकट, मग गाडीतून उतरताना "आई गं". मास्तरला डॉक्टरकडे नेलं त्या दिवशी गाडी त्याची लेक चालवत होती. लेक म्हणजे शाळेतली ताई. बाप-लेक मिळूनच शाळा चालवायचे, तो रस्त्यावर शिकवायचा आणि ती मैदानात. मागच्या सीटवर मास्तरीणबाई होत्या.

परत येताना मास्तरीणबाईंनीच विषय काढला. "अहो, डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलंत ना? क्लच दाबणं सोडा, गुडघा अजून पुष्कळ वर्षं जाईल. नाही सोडलात तर गुडघा उघडावा लागेल."

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? क्लच न दाबता गाडी शिकवू कशी? मंत्र म्हणून?"

म्हणजे सगळा आळ माझ्यावर! इतकी वर्षं दाबला गेला कोण? मी. दुखलं कुणाचं? त्याचं. आणि आरोपी पुन्हा मीच. न्याय म्हणतात तो हाच असावा.

त्याच सुमारास रस्त्यापलीकडे नवी ड्रायव्हिंग शाळा निघाली. तिची गाडी विजेवरची. फलक मी पाहिला नाही, पण येणारा-जाणारा प्रत्येक जण तो मोठ्यानं वाचायचा, "क्लच नाही, गिअर नाही, कटकट नाही." कटकट म्हणजे कोण, हे कळण्याइतका मी शहाणा आहे.

आमचे शिकणारे एकेक करून पलीकडे जायला लागले. एका दुपारी मैदानाच्या कडेला गाडी उभी करून बाप-लेक डबा खात होते, तेव्हा ताईनं विषय काढलाच.

"बाबा, आपणही विजेची घेऊ."

"वेड लागलंय."

"आधी ऐका तरी. आपली गाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते. शिकणारे बंद पाडतात, आपण चालू करतो. पेट्रोल पिते नुसती. पंपावरचा माणूस तर आपल्याला जावयासारखा मान देतो."

"शिकवणीची गाडी आहे, पिणारच."

"आणि क्लचप्लेट? जळली की बदल, जळली की बदल. विजेच्या गाडीत ती भानगडच नाही. रात्री घरापाशी लावायची, सकाळी भरलेली."

"आणि किंमत? ही अशी दीड गाडी येईल त्यात."

"येईल ना. पण रोज जी गाडी दिवसभर फिरते तिचा वरचा पैसा फिरता फिरता वसूल होतो. शेजारच्या काकांसारखी रविवारी आंघोळीपुरती बाहेर काढणाऱ्याला नाही परवडणार. त्यांना मीच सांगितलं, काका, आहे ती पुसत बसा."

मास्तरनं भाकरीचा तुकडा मोडला. तो विचारात पडला की त्याचा डावा पाय मला हळूहळू दाबतो. आत्ताही दाबत होता.

"दूर जायचं झालं तर? वाटेत वीज संपली म्हणजे?"

"बाबा, ही गाडी मैदान ते चौक आणि चौक ते मैदान करते. तिनं जन्मात दुसरं गाव पाहिलंय का?"

हे मात्र मला लागलं. खरंच पाहिलं नव्हतं.

"बरं, बॅटरी मेली म्हणजे? नवीन बॅटरीला म्हणे अर्धी गाडी विकावी लागते."

"आठ वर्षांची हमी देतात."

"हमीचं काय सांगतेस!"

"आठ वर्षं तुमचा गुडघा टिकेल अशी हमी कुणी दिलीय का?"

पोरीचं तोंड मास्तरीणबाईंवर गेलंय.

मास्तरनं शेवटचा पत्ता टाकला. "आणि पुढे विकायला काढली तर घेणार कोण? काय भाव येईल?"

"ते मला ठाऊक नाही," ताई म्हणाली. "आज कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक आहे म्हणणारा एक तर गाडी विकत असेल, नाहीतर पेट्रोल."

एवढी खरी गोष्ट मी गाडीच्या बाबतीत कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. मला ती आवडली नाही, पण खरी होती.

अडचण एकच उरली. आधी भरायला रक्कम हवी होती, आणि घरात शिल्लक होती ती मास्तरच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेली. मास्तर म्हणाला, तिला हात लावायचा नाही. ताई म्हणाली, पुढच्या वर्षी शाळाच उरली नाही तर गुडघा घेऊन करणार काय? दोन दिवस गाडीत नुसतं धुमसणं चालू होतं. तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई मागच्या सीटवर बसल्या आणि दार लावता लावता त्यांनी निकाल दिला.

"पैसे गुडघ्यासाठी ठेवलेत ना? मग गुडघ्यासाठीच चाललेत. उद्या जाऊन गाडी बघा."

झालं. पुढचं सगळं भराभर घडलं. आमची गाडी खालून इतकी सडली होती, की भंगारवाला पत्र्यावर बोट ठेवताना घाबरत होता. ती देण्याआधी मिस्त्रीनं मला आणि माझ्या जोडीच्या ब्रेकला उतरवून घेतलं. थोरला गाडीबरोबरच गेला. निरोप वगैरे काही झाला नाही, सळईच कापली होती.

विजेच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली ब्रेक लागणारच होता. म्हणून ब्रेकला जागच्या जागी नवी नोकरी लागली, त्याला घासूनपुसून नव्या गाडीत बसवलं. मला मिस्त्रीनं नटबोल्टच्या डब्यात टाकलं. तिथे एक गंजलेला भोंगा होता, तो रात्रंदिवस आपण कसे वाजायचो तेच सांगायचा. म्हाताऱ्यांच्या या सवयीचा मला मनस्वी कंटाळा आहे.

डब्यात पडून मी इतकंच म्हणत होतो, की चालू दे नव्याचं कौतुक, घोडामैदान जवळच आहे.

ते मला वाटलं होतं त्याहून जवळ निघालं. एका सकाळी मिस्त्रीच्या दारात कसलाही आवाज न करता गाडी येऊन उभी राहिली. या गाड्यांचं हेच मला पटत नाही, येताना खाकरतसुद्धा नाहीत. पण ताईचा आवाज चांगला दणदणीत होता.

"मिस्त्रीकाका, बाबांच्या पायाचं काहीतरी करा! आज दाताच्या डॉक्टरीणबाई शिकवणी सोडून गेल्या."

"का? काय झालं?"

"जीभ चावली त्यांनी. जगाच्या तोंडात हात घालणारी बाई, आमच्या गाडीत स्वतःची जीभ चावून बसली."

मास्तर पुटपुटला, "मी मदतच करत होतो."

"मदत! अहो काका, शिकणाऱ्यानं गाडी हलवली रे हलवली, की बाबांचा डावा पाय क्लच दाबायला जातो. क्लच तिथे आहे का? नाही. तिथे एकटा ब्रेक. तो पाय जाऊन ब्रेकवर आदळतो. शिकणारा दचकतो, पुन्हा निघतो, बाबा पुन्हा मदत करतात. चौकातून पलीकडे जायला आम्हाला अर्धा तास लागला!"

मिस्त्री हसला, पण बेतानं. मास्तरशी त्याची जुनी दोस्ती होती. "ब्रेक आणखी उजवीकडे सरकवू का?"

सरकवला. दोन दिवसांनी दोघं पुन्हा दारात. डावा पाय ब्रेकच्या मागोमाग सरकत गेला होता. मग ताईनं मास्तरला डावा पाय सीटवर मुडपून घेऊन बसायला लावलं. त्यानं ब्रेक वाचला, पण गुडघा टरारून सुजला. म्हणजे ज्या गुडघ्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तोच पुन्हा बोंबलायला लागला. वर आणखी तीन शिकणारे पलीकडच्या शाळेत गेले. मानेला पट्टा लावून जाण्यापेक्षा ते बरं, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं नव्हतं.

शेवटी मास्तर ताईला म्हणाला, "रस्त्यावरची शिकवणी तू घे. मी बसतो घरी."

"बाबा, मैदान आणि रस्ता दोन्ही मी एकटी कसं करणार?"

"मग माणूस ठेव."

"त्याला पगार कुठून देऊ? गाडीचा हप्ता आहे."

मास्तर घरी बसला म्हणजे मिस्त्रीच्या दुकानातल्या बाकावर येऊन बसला. रोज सकाळी यायचा. कुणाचं काही दुरुस्त होत असलं की "तसं नाही रे, असं" म्हणायचा. मिस्त्रीला नको नको झालं. मी डब्यातून बघायचो. जन्मात पहिल्यांदा मास्तरचं तोंड मला नीट दिसत होतं, आणि ते मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच म्हातारं होतं. आणि रस्त्यावरून एखादी गाडी अडखळत निघाली की बाकाखाली त्याचा डावा पाय हळूच जमीन दाबायचा.

तो पाय मास्तरीणबाईंनीही पाहिला. जेवायला बोलवायला त्या दुकानात आल्या होत्या. कंबरेवर हात ठेवून नवऱ्याच्या पायाकडे बघत राहिल्या.

"घरीसुद्धा हेच," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. "टेबलाखाली पाय चालूच. वाढताना माझा हात जरा अडला की यांचा पाय दाबलाच! मला वाटतं, मलाही अलगद पुढे न्यायला बघतात."

"अगं, काहीतरीच तुझं."

"तुम्ही गप्प बसा. मिस्त्री, तान्ह्या बाळाला चोखणी देतात की नाही? त्यातून दूध येतं का? तरी पोर गप्प राहतं ना? मग या पायाला दाबायला काहीतरी द्या."

मिस्त्रीनं डब्यात हात घातला. भोंगा म्हणाला, मीच, मीच. पण हात माझ्यावर पडला.

"हा देऊ. पण वहिनी, त्या गाडीत क्लचच नाही. याला मागे जोडू कशाला?"

"कशालाच जोडू नका. नुसता ठेवा."

तुम्हीच सांगा, हा काय मान झाला? जन्मभर अख्खी गाडी अर्ध्यात तोलून धरली, आणि म्हातारपणी चोखणी! मी तापलो असतो, पण डब्यात पडून पडून तापायचंच विसरलो होतो. मिस्त्रीनं मला विजेच्या गाडीत ब्रेकच्या डावीकडे, थोडं अंतर राखून बसवलं. मागे सळई नाही, काही नाही. खाली एक मऊ स्प्रिंग, तीही एवढी नाजूक, की बोटानं दाबावं.

"हं, दाबा मास्तर."

मास्तरनं दाबलं. मी खाली गेलो, वर आलो. जगात कुठेही काहीही झालं नाही.

"हलका आहे रे," मास्तर म्हणाला, आणि पाय बराच वेळ उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी ताईनं त्याला रस्त्यावर पाठवलं. स्वतः मागच्या सीटवर बसली, दाराचं हँडल घट्ट धरून. शिकणारी एक बेकरीवाली होती, अंगाला भाजलेल्या पिठाचा वास. चौकात दिवा हिरवा झाला. मास्तरचा डावा पाय उठला आणि माझ्यावर आला. मी निमूटपणे खाली गेलो. उजवा पाय ब्रेकवर तरंगत होता, तिथेच राहिला. गाडी सरळ चौकापार गेली. मागच्या सीटवर ताईनं हँडल सोडलं.

आता मी या गाडीत आहे. गाडी कुरकुरत नाही, खाकरत नाही, धूर ओकत नाही. रात्री वायर लावून झोपते आणि सकाळी ताजीतवानी. मला तिच्याशी काय बोलावं ते अजून सुचलेलं नाही. आम्ही शेजारी आहोत, नातं काही नाही.

मास्तरची गुडघ्याची सूज उतरली. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशनचं सध्या राहू दे. शिकणारे हळूहळू वाढतायत. दाताच्या डॉक्टरीणबाईसुद्धा परत आल्या, पहिल्या दिवशी दातांत रुमाल धरून. हप्ता जाऊन महिन्याला थोडंफार हातात राहतं, असं ताई म्हणते. मास्तर म्हणतो, बॅटरी मरेल तेव्हा बघू. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दोघांनाही ते मान्य नाही.

हल्ली लोक गाडी थांबवून मास्तरला विचारतात, "काय मास्तर, परवडते का विजेची?" मास्तर विचारतो, "तुम्ही रोज किती फिरता? गाडी लावायला घरापाशी जागा आहे का? जुनी अजून धड चालते का?" माणूस चुळबुळ करतो. त्याला हो किंवा नाही हवं असतं, उलट प्रश्न नको असतात. मग तो गाडीचा रंग छान आहे म्हणतो आणि निघून जातो. माणसांचं हे असंच. हिशेब विचारतात आणि रंग बघून घेतात.

मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. गाडीची किंमत धरा, विजेचं बिल धरा, हमीचे कागद नीट वाचून घ्या, आणि त्यात घरातल्या जुन्या पायाला सवय व्हायला लागणारे दिवसही धरा. विकणारा ते सांगत नाही. आमच्या घरात तो खर्च थोडक्यात भागला. मी होतो म्हणून.

पुढे माझ्यासारखे नसतील, हे मला दिसतं. परवा एका शिकणाऱ्या मुलीनं खाली वाकून विचारलं, "मास्तर, हे ब्रेकशेजारचं कसलं?" मास्तर म्हणाला, "ते माझ्यासाठी आहे." तिला वाटलं, पाय ठेवायची सोय. तिनं क्लच कधी पाहिलाच नव्हता. मी चिडलो नाही. चिडून सांगू कुणाला?

आणि खरं सांगतो, मास्तरचा पाय हल्ली माझ्याकडे कमी येतो. आधी प्रत्येक चौकात यायचा, आता गर्दीच्याच चौकात. काही दिवशी तर शेजारच्या पायपुसण्यावर शांत पडून असतो, मांजरासारखा. मला वाईट वाटावं की बरं, ते ठरत नाही. बहुतेक बरंच.

तेव्हा ताई, तुझ्याकडे एक मागणं आहे. मला एकदम काढू नकोस. तो मला पुरता विसरेपर्यंत थांब. मग मास्तर घरी असताना मिस्त्रीला बोलाव आणि गुपचूप काढून टाक. त्या भोंग्याच्या डब्यात मात्र नको, दुसरीकडे कुठेही टाका. आणि दुसऱ्या दिवशी शिकवणीत त्यानं पाय फिरवून विचारलंच, "अगं, इथला तो कुठे गेला?" तर आता गरज उरली नाही म्हणून काढला, हे खरं सांगू नकोस. सांग, वाजत होता म्हणून काढला.